सर, रनवे दिसतोय का?

पत्र:

आदरणीय कॅप्टन सर,
सा. न. वि. वि.

मी २६ वर्षांचा आहे. एका विमान कंपनीत ए३२० विमानावर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलट आहे. मूळचा कोल्हापूरकडचा, वडील हायस्कूलमध्ये शिक्षक. कर्ज काढून फ्लाइंग केलं, आता कुठे ७०० तास झालेत. गेल्या महिन्यात रात्री, पावसात एका अप्रोचवर, म्हणजे उतरायला येताना, कॅप्टन फ्लाय करत होते. हजार फुटांवर स्पीड २० नॉट जास्त होता, सिंक रेट, म्हणजे खाली येण्याचा वेग, मिनिटाला १,३०० फूट. मी म्हणालो, "सर, स्पीड थोडा..." ते म्हणाले, "करेक्टिंग." पाचशे फुटांवर स्पीड अजून १५ ने जास्तच होता. मी गप्प बसलो. विमान लांब टेकलं, ब्रेक करकचून लागले, शेवटच्या टॅक्सीवेने बाहेर पडलो. बाकी काही झालं नाही. हॉटेलच्या गाडीत त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली, "देखा? टेन्शन नहीं लेने का."

सर, हे कॅप्टन मला थोरल्या भावासारखे आहेत. लाइन ट्रेनिंगमध्ये बाकीचे ओरडायचे, तेव्हा यांनी समजावून शिकवलं. पुढच्या बुधवारी पुन्हा त्यांच्याबरोबरच रोस्टर आहे आणि मला झोप लागत नाही. माझं चुकलं का? चुकलं असेल तर त्यांचा अपमान न करता मी काय बोलायला हवं होतं? आणि आता रिपोर्ट करू का?

आपला,
एक 'सर' म्हणणारा

उत्तर:

चि. सरवाले यास, अनेक आशीर्वाद.

आशीर्वाद देऊन झाले, आता पहिल्या प्रश्नाचं उत्तर. हो, चुकलं. त्यांचं आधी आणि जास्त, पण तुझंही. हे ऐकून तुला वाईट वाटणार नाही असा माझा अंदाज आहे, कारण ते तुला आधीच ठाऊक आहे. झोप उगाच उडत नाही.

पण तुला वाटतंय की तुझ्यात धीर नाही, तू भित्रा आहेस. तिथे मात्र माझं तुझ्याशी जमत नाही. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. "सर, स्पीड थोडा..." या वाक्याच्या शेवटी तू तीन टिंबं दिली आहेस. प्रामाणिकपणे दिलीस, बरं केलंस. तुझी सगळी अडचण त्या तीन टिंबांत आहे. तू बोललास, पण वाक्य पुरं केलं नाहीस. ते पुरं करायचं काम कॅप्टनवर सोडलंस, आणि त्या क्षणी त्यांचे हात, डोळे, डोकं सगळंच गुंतलेलं होतं.

माझीच एक गोष्ट सांगतो. कमांड मिळून, म्हणजे कॅप्टन होऊन, तीन-चार वर्षं झाली होती. जुलै महिना, डोंगराच्या कुशीतलं एक छोटं विमानतळ, आयएलएस (रनवेकडे नेणारी रेडिओ यंत्रणा) नाही. शेजारी नागपूरचा एक मुलगा होता, म्हणून आम्ही मराठीत बोलत होतो. (हे नियमात बसत नाही, तेव्हाही बसत नव्हतं.) मिनिमाला (रनवे दिसला नाही तर ज्याच्या खाली जायचं नाही त्या उंचीला) पोचलो तेव्हा वायपर फटाफट चालले होते आणि काचेपलीकडे मला दिव्यांची एक ओळ दिसली. मुलगा म्हणाला, "सर, रनवे दिसतोय का?" मी म्हणालो, "दिसतोय," आणि खाली निघालो. ते दिवे रनवेचे नव्हते, एप्रनचे, म्हणजे विमानं उभी करायच्या जागेचे होते. खरा रनवे डावीकडे होता. तो ढगाखाली आल्यावर दिसला, आणि मी ज्या प्रकारे वळवून विमान टेकवलं तसं आज कुणी माझ्यासमोर केलं तर मी त्याला घरी पाठवेन.

नंतर चहा पिताना मी सहज विचारलं, "तुला दिसला होता का रे रनवे?"

"नाही सर."

"मग बोलला का नाहीस?"

तो खरंच गोंधळला. "बोललो ना सर. विचारलं की."

त्याच्या लेखी ती सूचना होती. माझ्या लेखी तो प्रश्न होता, आणि प्रश्नाला मी उत्तर दिलं होतं. दोघंही खरं बोलत होतो. तो मुलगा भित्रा मुळीच नव्हता. पुढे उत्तम कमांडर झाला, आणि माझ्यापेक्षा बरा.

आपण ज्या घरांत वाढलो तिथे मोठ्यांना थेट सांगायचं नसतं, सुचवायचं असतं. 'लेकी बोले सुने लागे' ही आपल्याकडे कला मानली जाते. शहाण्याला शब्दाचा मार, म्हणजे जो शहाणा त्याला एक शब्द पुरे. वडिलांचं गणित चुकलं तर 'बाबा, चुकलं' म्हणत नाही, 'बाबा, हे परत एकदा बघायचं का?' म्हणतो. तुझे वडील शिक्षक, तेव्हा तुला हे मी सांगायला नको. 'जरा', 'थोडं', 'बहुतेक', 'बघा हं', 'ना?' ही सगळी मऊ गादी आपण कॉकपिटमध्ये घेऊन जातो. तिथे बोलायचं इंग्रजीत, पण गादी तीच. "सर, स्लाइटली हाय, ना?" असं अर्धं इंग्रजी वाक्य मी किती पोरांच्या तोंडून ऐकलंय याची गणती नाही. त्यातला 'ना' काढून टाकायला मला प्रत्येकाबरोबर सहा-सहा महिने लागायचे.

हा फक्त आपलाच रोग आहे असंही समजू नकोस. १३ जानेवारी १९८२ ला वॉशिंग्टनच्या नॅशनल विमानतळावर बर्फ पडत होता. एअर फ्लोरिडाचं बोइंग ७३७ टेक-ऑफसाठी धावायला लागलं. इंजिनांचं अँटी-आइस (बर्फ जमू न देणारी यंत्रणा) बंद राहिलं होतं, सेन्सरमध्ये बर्फ जमला होता, त्यामुळे इंजिनांची ताकद होती त्यापेक्षा जास्त दिसत होती. काटे एकमेकांशी जुळत नव्हते. ते फर्स्ट ऑफिसरला दिसलं. विमान तोच चालवत होता, पण टेक-ऑफ सोडून द्यायचा की नाही हा निर्णय कॅप्टनचा. तो म्हणाला, हे बरोबर वाटत नाही, नाही का? मग म्हणाला, हे बरोबर नाही. कॅप्टन म्हणाला, बरोबर आहे, ८० नॉट झाले. फर्स्ट ऑफिसर पुन्हा म्हणाला, नाही, मला नाही वाटत बरोबर आहे. आणि मग, बघ, स्वतःच माघार घेतली: असेलही कदाचित. विमान कसंबसं उडालं, जवळच्याच पुलावर आदळलं आणि गोठलेल्या पोटोमॅक नदीत गेलं. पुलावरचे चार धरून ७८ माणसं गेली. त्या मुलाला सगळं दिसलं होतं. त्याने चार वेळा तोंड उघडलं. फक्त "रिजेक्ट", म्हणजे टेक-ऑफ सोडा, हा एक शब्द त्याच्या तोंडून आला नाही.

आता आपल्या घरातली गोष्ट, आणि ही सांगताना मला जड जातं. ७ ऑगस्ट २०२० ची कोळीकोडची संध्याकाळ. दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्सप्रेसचं बोइंग ७३७, कोविडच्या काळात माणसांना घरी आणणारं वंदे भारतचं उड्डाण, आत १९० जण. कॅप्टन दीपक साठे, हवाई दलातून आलेले. त्या आठवड्यात महाराष्ट्रात त्यांच्याबद्दल इतकं हळहळून लिहिलं गेलं की तपास अहवाल पुढच्या वर्षी आला तेव्हा तो वाचायला बहुतेकांचं मन झालं नाही. तू मात्र वाच. तो कुणाला दोष द्यायला लिहिलेला नाही, तुझ्यासारख्यांनी वाचावा म्हणून लिहिलेला आहे.

पहिला अप्रोच रनवे २८ वर होता. पाऊस जोरात होता, कॅप्टनच्या बाजूचा वायपर चालेना, आणि त्यांनी गो अराउंड केलं, म्हणजे उतरणं सोडून विमान पुन्हा वर नेलं. हे लक्षात ठेव: गो अराउंड न करणारे ते कॅप्टन नव्हते. थोड्याच वेळापूर्वी त्यांनी ते केलं होतं. मग दुसऱ्या बाजूने, रनवे १० वर, पाठीमागून वारा असताना ते आले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना कोळीकोडहूनच फ्लाइट होतं, आणि तिथे उतरायचंच ही ओढ त्यांच्या निर्णयांना ढकलत होती, असं अहवाल म्हणतो. त्या तळावर पुरेसे कॅप्टन नव्हते, हा कंपनीचा दोष, तोही अहवालात आहे. अप्रोच बिघडला. आणि फर्स्ट ऑफिसर काय म्हणाला? "जस्ट चेक इट."

जस्ट चेक इट. म्हणजे काय चेक? स्पीड? सिंक रेट? वारा? कोणत्याही एसओपीत, म्हणजे ठरलेल्या कार्यपद्धतीत, हा कॉल नाही. पण तुझ्या-माझ्या घरातलं 'बाबा, परत एकदा बघता का?' ते हेच. पुढे त्याने "गो अराउंड" म्हटलं, स्पष्ट शब्दांत, पण तोवर विमान जमिनीला लागायच्या बेतात होतं. ८,८५८ फुटांच्या ओल्या रनवेवर ते ४,४३८ फुटांवर टेकलं, म्हणजे जवळजवळ मध्यावर. टेबलटॉप, म्हणजे उंच पठारावरचा, रनवे संपला, विमान खाली घसरलं. २१ माणसं गेली, त्यात दोघंही वैमानिक. अहवालाने संभाव्य कारणात दोन्ही गोष्टी लिहिल्या: कॅप्टनने बिघडलेला अप्रोच चालू ठेवला, आणि शेजाऱ्याने कंट्रोल घेऊन गो अराउंड केलं नाही. दोन्ही, एकाच कारणात.

याच्या दहा वर्षं आधी मंगळूरला जवळपास हेच झालं होतं. २२ मे २०१०, तीच कंपनी, तसंच ७३७, तसाच टेबलटॉप, दुबईहूनच. १५८ गेले, आठ वाचले. त्या चौकशी न्यायालयाचे प्रमुख आपले एअर मार्शल भूषण गोखले होते. वाटेत कॅप्टन बराच वेळ झोपले होते, व्हॉइस रेकॉर्डरवर घोरण्याचा आवाज होता. उतरताना विमान नेहमीपेक्षा जवळपास दुप्पट उंचीवर होतं. फर्स्ट ऑफिसर नवखा नव्हता, त्याचे साडेतीन हजारांहून जास्त तास झाले होते. त्याने तीनदा "गो अराउंड" म्हटलं. तीनदा! कॅप्टनने ऐकलं नाही आणि विमान ५,००० फुटांच्याही पुढे टेकलं. गोखल्यांच्या अहवालातलं एक निरीक्षण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं: को-पायलटने स्वतः गो अराउंड सुरू करायचं की नाही याबद्दलच्या सूचना निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळ्या होत्या, बहुधा म्हणूनच तो सांगत राहिला पण कंट्रोल घेतला नाही. कागदावर जे धूसर होतं ते हातातही धूसर राहिलं.

तर तुझा दुसरा प्रश्न, काय बोलायचं.

आधी आकडा, मग नाव, मग कृती. एवढंच. "सर, वन थाउजंड, अनस्टेबल, स्पीड प्लस ट्वेंटी, गो अराउंड." 'सर' राहू दे. तुझ्या 'सर'ला माझी हरकत नाही. मी स्वतः आयुष्यभर 'सर' म्हणत आलो आणि निवृत्तीनंतरही माझ्या जुन्या कमांडरला 'सर'च म्हणतो. आदर 'सर'मध्ये ठेव आणि उरलेलं वाक्य कोरडं ठेव. आकड्याला मान-अपमान नसतो. स्पीड २० ने जास्त आहे असं म्हणणं म्हणजे कॅप्टनला अडाणी म्हणणं नव्हे, समोर स्क्रीनवर लिहिलेलं वाचून दाखवणं आहे. तुझ्या मॅन्युअलमध्ये कॉल "स्पीड" असा आहे, "स्पीड थोडा" असा नाही. ज्याने तो लिहिला त्याने 'थोडा' विसरून गाळलेला नाही.

कॅप्टनच्या "करेक्टिंग"बद्दलही बोललं पाहिजे. ते उत्तर नियमातलंच आहे, आणि म्हणून फसवं. चूक सांगितली, समोरच्याने मान्य केली, दुरुस्त करतो म्हणाला, झालं, माझं काम संपलं असं वाटतं. ते संपलेलं नसतं, तिथून सुरू होतं. "करेक्टिंग" ऐकल्यावर मनात मोजायला लाग. आकडा हलतोय का? किती सेकंदांत? बहुतेक कंपन्यांत ढगात हजार फूट आणि उघड्या हवेत पाचशे फूट ही रेघ असते. तिथवर स्पीड, सिंक रेट, फ्लॅप, सगळं जागेवर नसेल तर अप्रोच सोडायचा. त्या पावसात तुझी रेघ हजार फुटांवरच होती. आणि ज्या हवेत रेघ पाचशेवर असते, तिथेही पाचशेला "करेक्टिंग" हे उत्तर चालत नाही. तिथे फक्त दोन उत्तरं आहेत: "स्टेबल" किंवा "गो अराउंड".

दोनदा सांगून उत्तर आलं नाही, किंवा उत्तर आलं पण विमान ऐकत नाही, तर? तर समोरचा माणूस त्या क्षणी विमान चालवायच्या स्थितीत नाही असं धरायचं. बेशुद्ध असायला नको, जागा असतो, हात चालू असतात. पण ताणात माणसाचे कान आधी बंद होतात. मंगळूरच्या तीन कॉल्सचं हेच झालं. मग "आय हॅव कंट्रोल", मोठ्याने, आणि ए३२० वर साइडस्टिकवरचं (विमान वळवायच्या बाजूच्या दांडीवरचं) लाल बटण दाबून. बटण विसरलास तर दोन्ही स्टिक्सचे इनपुट्स एकत्र बेरीज होतात आणि विमान दोघांपैकी कुणाचंच ऐकत नाही. ओढाताण झाली की खेळ संपला. म्हणून ही गोष्ट वर करायची, खाली नाही. टेकल्यावर, रिव्हर्स (इंजिनांचा जोर उलटा वळवून वेग कमी करणारी सोय) उघडल्यावर तर मुळीच नाही. मंगळूरला कॅप्टनने टेकून रिव्हर्स उघडले आणि मग पुन्हा उडायचा प्रयत्न केला. अहवालाच्या हिशोबाने तेव्हाही ब्रेक आणि रिव्हर्स पूर्ण लावले असते तर विमान पक्क्या जागेत थांबलं असतं. जितका उशीर होईल तितके पर्याय घटत जातात, आणि 'जरा' म्हणणारा प्रत्येक माणूस उशीरच करत असतो.

आता तू म्हणशील, हे सगळं पुस्तकात ठीक, पण माझे कॅप्टन तसे नाहीत, मोठ्या भावासारखे आहेत. बाबा रे, तेच कठीण असतं. खडूस कॅप्टनला बोलणं सोपं. आपण आधीच वैतागलेले असतो, चूक सांगताना थोडं समाधानही मिळतं. पण ज्याने आपल्याला शिकवलं, ज्याच्या हातची मऊ लँडिंग्ज आपण पाहिली, त्याच्यावर डोळे लावून बसताना आपलं मन म्हणतं, यांना माहीत असेल. तुझ्या पत्रात हे वाक्य नाही, पण माझी खात्री आहे की पाचशे फुटांवर तुझ्या डोक्यात हेच होतं.

अमेरिकेच्या एनटीएसबी या अपघात-तपास संस्थेने १९९४ साली ३७ मोठ्या अपघातांचा अभ्यास केला. त्यांतल्या ३१ मध्ये नीट लक्ष न ठेवणं किंवा चूक दिसूनही न टोकणं हे आढळलं. आणि ८० टक्क्यांहून जास्त अपघातांत विमान कॅप्टन चालवत होता. एरवी कॅप्टन आणि को-पायलट साधारण निम्मी-निम्मी उड्डाणं वाटून घेतात, मग हे पारडं असं का झुकावं? को-पायलटचा हात जास्त चांगला म्हणून नव्हे. को-पायलट चालवत असताना शेजारी जो बसलेला असतो तो टोकताना विचार करत नाही. मी कितीदा टोकलंय! "स्पीड बघ." "कुठे चाललास?" कधी त्यात 'जरा' आला नाही. उलट दिशेने मात्र प्रत्येक शब्दाला गाळणी लागते.

हे तुला एकट्यालाच शिकायचंय असंही नाही. १९७८ च्या डिसेंबरात अमेरिकेत पोर्टलंडला युनायटेड एअरलाइन्सचं एक डीसी-८ विमान, चाकं खाली आली का हे दाखवणाऱ्या दिव्याच्या नादात, तासभर घिरट्या घालत राहिलं आणि इंधन संपून पडलं. इंधनाचं बोलणं मागे-शेजारी चालूच होतं, पण कुणी ठणकावून सांगितलं नाही. त्यानंतर त्यांच्या तपास यंत्रणेने कॅप्टनला ऐकायला आणि इतरांना ठामपणे बोलायला शिकवा अशी शिफारस केली, आणि १९८१ मध्ये युनायटेडने ते शिक्षण सुरू केलं. तू वर्षाला ज्या सीआरएमच्या (कॉकपिटमध्ये एकमेकांशी बोलून काम कसं करायचं त्याच्या) वर्गात बसून डुलक्या काढतोस (मीही काढल्या आहेत) तो तिथून आला. तो वर्ग शिष्टाचाराचा नव्हता. इंधन संपलेल्या विमानातून तो जन्माला आला.

आता बुधवार.

माझा सल्ला: ब्रीफिंगच्या दहा मिनिटं आधी पोच. त्यांना चहा पाज. आणि त्यांची चूक काढू नकोस, स्वतःची सांग. "सर, त्या रात्री हजार फुटांवर मी 'अनस्टेबल, गो अराउंड' म्हणायला हवं होतं. मी म्हटलं नाही. माझी चूक झाली. पुढच्या वेळी मी म्हणणार आहे." बस. 'त्या रात्री' म्हटल्यावर त्यांना सगळं आठवेल, विस्तार करायची गरज नाही. यात अपमानाला जागाच नाही, कारण तू त्यांच्याबद्दल एक अक्षर बोलला नाहीस. पण पुढच्या वेळी तू काय करणार आहेस ते त्यांना आधीच कळलं. आणि एकदा सांगितल्यावर तुझ्यावरही बंधन आलं.

बहुतेक कॅप्टन यावर एक क्षण गप्प होतात आणि मग "बरोबर" म्हणतात. काही चिडतात. चिडले तर चिडू देत, विमान अजून जमिनीवर आहे. त्यांनी चिडून "मुझे सिखाएगा?" विचारलं तर "नहीं सर, आपने ही सिखाया है" म्हण. ते खरंच आहे ना? हजार आणि पाचशे फुटांची रेघ लाइन ट्रेनिंगमध्ये त्यांनीच तुला पाठ करून घेतली असणार.

रिपोर्ट कर. हो, कर, आणि बुधवारच्या चहानंतर कर, आधी नको. ते त्यांच्या पाठीमागे केल्यासारखं वाटायला नको म्हणून. त्यांना सांग की सेफ्टी रिपोर्ट टाकतोय, जमलं तर दोघं मिळून लिहू. तुला वाटतंय की लपून राहिलंय, पण प्रत्येक उड्डाणाचा डेटा खाली उतरतो. हजार फुटांवरचा तो २० नॉटचा आकडा फ्लाइट डेटाच्या माणसाच्या स्क्रीनवर कदाचित आधीच लाल झालेला असेल. तुझ्या रिपोर्टमधून त्याला त्या आकड्यामागची माणसं कळतील, पाऊस कळेल, तुमच्या दोघांतलं बोलणं कळेल. डेटात "सर, स्पीड थोडा..." दिसत नाही.

फ्लाइट सेफ्टी फाउंडेशनच्या अभ्यासात दिसलं होतं की बिघडलेल्या अप्रोचेसपैकी सुमारे ३ टक्क्यांतच गो अराउंड होतो, बाकीचे तसेच उतरतात. बहुतेक वेळा काही होत नाही. तुमचंही काही झालं नाही. गाडीत पाठीवर थाप मिळाली. त्या थापेचा मला राग येतो, तुझ्या कॅप्टनचा नाही. तो चांगला माणूस दिसतो. मीही अशा थापा दिल्या आहेत. काही झालं नाही याचा अर्थ काही चुकलं नाही असा आम्ही लावत आलो, आणि शेजारच्या पोराने तेच शिकावं अशी सोय केली. त्या नागपूरच्या मुलाला चहाच्या टपरीवर मी थाप दिली नाही याचं कारण शहाणपण नव्हतं. माझा हात थरथरत होता.

एक शेवटची गोष्ट, आणि हसू नकोस. ते वाक्य मोठ्याने म्हणायचा सराव कर. मनात नाही, तोंडाने. "अनस्टेबल, गो अराउंड." आंघोळ करताना, स्कूटरवर, हेल्मेटमध्ये. जे वाक्य तोंडाने कधी म्हटलेलं नाही ते हजार फुटांवर, पावसात, थोरल्या भावाच्या शेजारी बसून पहिल्यांदा निघत नाही. घशात अडकतं आणि त्याची तीन टिंबं होतात. घरचे विचारतील हा बाथरूममधून कुणावर ओरडतोय, विचारू देत.

बुधवारी ते काय म्हणाले ते मला कळव. इथे छापणार नाही.

तुझा,
एक निवृत्त कॅप्टन